मदत हवी आहे : ऑनलाइन घेतलेली टोपली खरोखर डांगची आहे का?

नमस्कार. वडोदऱ्यातील आमच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनासाठी काही टोपल्या ऑनलाइन मागवल्या असून, त्या गुजरातमधील डांग जिल्ह्यातल्या कोटवालिया या आदिवासी समाजाच्या कारागिरांनी विणलेल्या आहेत असे विक्रेत्याने लिहिले आहे. त्यांपैकी एकीबद्दल मात्र मला दाट शंका आहे. ती तळाशी निमुळती आणि वर रुंद होत गेलेली असून, तिचा काठ वेताच्या बारीक सालीने घट्ट बांधलेला आहे आणि तिला कपाळावर अडकवायचा विणलेला पट्टाही आहे. अशा शंकूच्या आकाराच्या टोपल्या पाठीवर घेऊन पट्टा कपाळाला लावण्याची रीत मेघालयातील खासी आणि नागालँडमधील नागा समाजांत आहे. दक्षिण गुजरातेतील कोटवालियांचे काम मी पाहिले आहे ते बांबूच्या कामट्यांचे, म्हणजे सुपे, टोपल्या आणि कणग्या. विक्रेत्याला विचारले तर ‘ट्रायबलच आहे’ एवढेच उत्तर आले; जणू देशातले सगळे आदिवासी एकाच पाड्यावर राहतात!

टोपली प्रत्यक्ष हाताळून तिचा प्रदेश सांगू शकेल असा जाणकार वडोदऱ्यात कोणाच्या परिचयाचा आहे का? छोटा उदेपूर जिल्ह्यातील तेजगढच्या आदिवासी अकादमीत (आदिवासी संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था) यासंबंधी कोणाला भेटावे? केवळ छायाचित्रांवरून ओळख पटत असेल, तर तळाची वीण, काठाची बांधणी आणि पट्ट्याची गाठ यांखेरीज आणखी काय टिपावे? प्रदर्शनात टोपलीजवळ लावायच्या माहितीच्या पाटीवर दुसऱ्याच समाजाचे नाव लिहिणे कारागिरांवर अन्यायाचे होईल, म्हणून ती छपाईला देण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.