मगनवाडी आणि आमचा धुरा

१५ ऑगस्ट हा देशाचा सण, ख्रिस्ती माणसाचं खरं स्वातंत्र्य पापापासूनचं, म्हणून चर्चमध्ये झेंड्याचा विषय नको, असं एकांनी लिहिलंय. अर्धं पटतं. जो पाप करतो तो पापाचा दास, हे येशूचं बोलणं मलाही मान्य. पण ही दोन स्वातंत्र्यं वेगळी काढणं वर्धा जिल्ह्यात राहून मला तरी जमत नाही. जे. सी. कुमारप्पा इथल्याच मगनवाडीत राहिले. तंजावरचा ख्रिस्ती माणूस, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला. १९३४ साली निघालेल्या गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं, तेलघाणी आणि हातकागदात जीव ओतला. १९४२ च्या आंदोलनानंतर इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, तर तिथं बसून त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं! त्यांना कुठं एक सोडून दुसरं निवडावं लागलं?

आता माझं सांगतो. चुलतभावाशी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, नऊ वर्षं बोलणं बंद होतं. भांडण दीड हात जमिनीचं. झेंडावंदनाला आम्ही शाळेच्या मैदानात जवळजवळ उभे राहायचो, परतताना मात्र तो एका वाटेनं, मी दुसऱ्या. एका १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू होती. ऋण्यांना ऋण सोडल्याच्या ओळीपाशी माझा आवाजच निघेना. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनीनं काही न विचारता चहा ठेवला. वावराची मोजणी आम्ही अजून केलेली नाही.