'परवडणारी घरे' : पण कोणाला?

शब्दवेडी : अर्थसंकल्पाची बातमी असो की बिल्डरचा फलक, सगळीकडे 'परवडणारी घरे'. पण 'परवडणे' म्हटलं की मराठीत 'कोणाला' लागतंच ना? मला परवडतं, तुम्हाला परवडत नाही. इथे तो 'ला' गेला कुठे? साधं 'स्वस्त घर' का म्हणत नाहीत?

माहीमकर : 'स्वस्त' भावाबद्दल बोलतं, 'परवडणारं' खिशाबद्दल. त्यामुळे शब्द चुकलेला नाही. घोळ असा की खिसा कोणाचा, हे दर कागदावर वेगळं. जीएसटीच्या लेखी एप्रिल २०१९ पासून ४५ लाखांपर्यंतचं आणि महानगरात ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं (कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) घर 'परवडणारं'. बांधकाम चालू असेल तर त्यावर कर ५ ऐवजी १ टक्का. ही ४५ लाखांची रेघ मुंबईला तीच आणि लातूरलाही तीच. अंधेरीत ४५ लाखांत घर शोधून दाखवा!
म्हाडा उत्पन्न बघते. २०२२ च्या बदलानंतर मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर गट 'अत्यल्प'. महिना ५० हजार मिळवणाऱ्याला अत्यल्प म्हणताना जीभ अडखळते, पण शहराचे भाव बघता शब्द बरोबर आहे.

तिसरी_गल्ली : शब्दवेडी, तुमच्या प्रश्नात एक बाजू राहिली. 'परवडणे' विकणाऱ्यालाही लागतं. भाजीवाली म्हणते, "ताई, एवढ्यात नाही परवडत." झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, योजना याच अर्थावर उभी आहे. १९९५ पासूनचा हिशेब असा : विकासकाने झोपडीवाल्याला फुकट घर बांधून द्यायचं, बदल्यात त्याला जादा एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल ते प्रमाण), त्यातून तो सेलची, म्हणजे बाजारात विकायची, बिल्डिंग उठवून पैसे काढणार. म्हणजे गरिबाला घर मिळेल की नाही हे ठरतं विकासकाला परवडतं की नाही यावर. जिथे सेलच्या फ्लॅटला भाव आहे तिथे चकरा मारायला चार-चार विकासक. जिथे नाही तिथे पाटी लागते आणि गंजते. गायब झालेला 'ला' तिथे सापडेल.

शब्दवेडी : हे पटलं. पण झोपुचं घर फुकट असतं, मग त्याला परवडण्याचा प्रश्न कुठे?

तिसरी_गल्ली : घर फुकट, लिफ्ट फुकट नाही. पंपाचं बिल, मेंटेनन्स, पालिकेचा कर. आमच्या बिल्डिंगीत लोक सरळ म्हणतात, "घर लागलं, पण पोसवत नाही." घर तेवढंच, २२५ चौरस फुटांचं. पुढे २६९ झालं, आता ३००. आधी झालेल्यांना मागून वाढवून कोण देणार!
आणि 'पात्र' हा शब्द घ्या. पुस्तकात माणूस पात्र असतो, आमच्याकडे खोली पात्र असते. "तुमची झाली का पात्र?" असंच विचारतात. १ जानेवारी २००० आधीची असेल तर घर फुकट, त्यानंतर २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख भरून. पुराव्याला वीजबिल, मतदार यादी, जुन्या लोकांकडे १९७६ च्या झोपडपट्टी गणनेचा फोटोपास (झोपडीवाल्याचं ओळखपत्र). तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पत्र्याच्या पेटीत. नाव परिशिष्ट-दोनमध्ये, म्हणजे पात्र-अपात्रतेच्या सरकारी यादीत, पात्र म्हणून आलं की पेढे. एकाच झोपडीत खालचे पात्र आणि माळ्यावरचे अपात्र, असंही होतं.

माहीमकर : याच जातीचा आणखी एक : 'संक्रमण शिबिर'. मूळ अर्थ नवं घर बांधून होईपर्यंत चार दिवस थांबायची जागा. प्रत्यक्षात तिथेच मुलांची लग्नं होतात. लोक नुसतं 'ट्रान्झिट' म्हणतात : "आम्ही ट्रान्झिटला असतो."

नवा_सभासद : मध्येच विचारतो. 'चटई क्षेत्र' म्हणजे कार्पेट की एफएसआय?

माहीमकर : दोन्हीकडे वापरतात, हीच पंचाईत. एफएसआयला सरकारी मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात, आणि घराच्या आतल्या मापालाही 'चटई क्षेत्र'. करारनाम्यात दिसलं तर 'निर्देशांक' पुढे आहे का बघा. बोलताना कार्पेट आणि एफएसआयच म्हणा, कोणी हसणार नाही.

शब्दवेडी : मग 'परवडणारी'च्या जागी 'किफायतशीर घरे' कसं वाटतं? हिंदीत सर्रास चालतं.

तिसरी_गल्ली : मराठीत किफायत म्हणजे आधी नफा. कांदेवाला शेतकरी 'किफायतशीर भाव' मागतो तो स्वतःसाठी, गिऱ्हाइकासाठी नाही. तुमचा शब्द विकासकाला फार आवडेल.