शब्दचर्चा: 'सी ड्राइव्ह', 'बूट', 'मेमरी', 'सीपीयू' हे शब्द आले कुठून?

मंडळी, परवा जुना पीसी फॉरमॅट करायला घेतला तर मुलगी शेजारी बसून विचारायला लागली की ड्राइव्हची नावं सी पासूनच का, ए आणि बी कुठे गेले. आणि कॉम्प्युटर 'बूट' होतो म्हणजे काय, पायातल्या बुटाचा काही संबंध आहे का? शिवाय दुकानदार म्हणतो 'मेमरी वाढवा', 'सीपीयू घेऊन या', तर या शब्दांचा नेमका अर्थ काय घ्यायचा? संगणक, स्मृती वगैरे पुस्तकी शब्द माहीत आहेत, मला हे रोजच्या तोंडातले शब्द समजून घ्यायचेत.

* * *

ताई, मुलीचा प्रश्न एकदम बरोबर जागी आहे. ए आणि बी या फ्लॉपीच्या जागा. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पहिला पीसी आणला, मॉडेल ५१५०, त्यात हार्डडिस्क नव्हतीच. एक किंवा दोन फ्लॉपी ड्राइव्ह, एका फ्लॉपीवर १६० किलोबाइट, आणि सगळ्यात स्वस्तातलं १५६५ डॉलरचं मॉडेल घेतलं तर फ्लॉपीसुद्धा नाही, कॅसेट प्लेअर जोडून त्यावर प्रोग्राम साठवायचे. ड्राइव्हला अक्षर द्यायची रीत डॉस या पीसीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधीची, गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती होती, तिथून डॉसने उचलली.

दोन फ्लॉपी असल्या की ए मध्ये डॉस किंवा प्रोग्राम आणि बी मध्ये आपली कामाची फ्लॉपी. पण ज्याच्याकडे एकच ड्राइव्ह त्याचं काय, तर डॉस त्या एकालाच ए पण म्हणायचं आणि बी पण, आणि मध्येच थांबून सांगायचं की आता बी ची फ्लॉपी घाला. म्हणजे बी हे अक्षर कायम अडकलेलंच. मग मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, १० मेगाबाइटची हार्डडिस्क घेऊन, तिच्या वाट्याला आपोआप सी आलं. फ्लॉपी गेल्या तरी विंडोजने ते तसंच ठेवलं, कारण तोपर्यंत असंख्य प्रोग्राम सी धरून लिहिले गेले होते. आजही ए किंवा बी हे अक्षर हाताने एखाद्या ड्राइव्हला देता येतं, मुलीला करून दाखवा.

आणि 'हार्ड' डिस्कमधला हार्ड हा फ्लॉपीमुळे चिकटलाय. १९५६ च्या आयबीएम रॅमॅक या कॉम्प्युटरमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या, सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावायची, तेव्हा त्याला नुसतं डिस्क म्हणत होते. लवचिक फ्लॉपी आली तेव्हा कडक तबकडीला वेगळं विशेषण लागलं.

* * *

बूट बद्दल मी लिहितो, माझा आवडता शब्द आहे हा.

संबंध पायातल्या बुटाशीच आहे. उंच बुटाला मागे चामड्याची एक पट्टी असते, ती धरून बूट ओढून चढवतात, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलणं, म्हणजे अशक्य गोष्ट, असा इंग्रजीत वाक्प्रचार आहे. आता कॉम्प्युटरची अडचण बघा. डिस्कवरून प्रोग्राम वाचायचा तर वाचणारा प्रोग्राम आधी मेमरीत पाहिजे, आणि तो वाचणारा प्रोग्राम कुठे आहे, तर डिस्कवरच! करंट दिला त्या क्षणी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, कोरी असते. मग सुरुवात करायची कोणी?

१९७५ च्या जानेवारीत पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर आला, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या एमआयटीएस कंपनीचा. मूळ किटमध्ये ना कीबोर्ड ना स्क्रीन, मेमरी फक्त २५६ बाइट. पुढच्या पॅनलवर स्विच आणि लाल दिवे. कागदी पट्टीवरून मोठा प्रोग्राम आत घ्यायचा तर आधी तो वाचणारा छोटा प्रोग्राम माणसाने स्विच वर-खाली करत एकेक बाइट भरायचा, आणि वीज गेली की परत पहिल्यापासून. म्हणजे ती बुटाची पट्टी माणसाच्या बोटांत होती.

आयबीएम पीसीने हे काम रॉममध्ये टाकलं, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्ये. त्यातला ८०८८ प्रोसेसर, म्हणजे सूचना पाळणारी मुख्य चिप, चालू झाला की दुसरा काही विचार न करता एका ठरलेल्या पत्त्यावर जातो, १ मेगाबाइटच्या टोकाच्या १६ बाइट अलीकडे, आणि तिथे बायोसकडे, म्हणजे त्या रॉममधल्या प्रोग्रामकडे, नेणारी सूचना बसवलेली असते. बायोस मेमरी तपासतो, कीबोर्ड तपासतो, सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप देतो, मग डिस्कचा पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाइट, उचलून मेमरीत ठेवतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. ते ५१२ बाइट आणखी मोठा प्रोग्राम बोलावतात, तो त्याहून मोठा, असं करत करत अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहते. त्यामुळे 'बूट होणे' ला नुसतं 'चालू होणे' म्हटलं तर अर्धा अर्थ सांडतो. बटण दाबणं म्हणजे चालू करणं, बूट ही त्यानंतरची स्वतःच स्वतःला वर चढवण्याची क्रिया, आणि म्हणूनच दिवे लागलेत, पंखा फिरतोय तरी 'मशीन बूट होत नाही' हे वाक्य अगदी बरोबर असतं.

* * *

सर, वरचं वाचून एक विचारावंसं वाटलं, बायोस पण आयबीएमचाच शब्द का?

* * *

नाही, तोही किल्डॉलच्या सीपी/एम मधला. पण आयबीएम पीसीच्या बाबतीत त्याचं महत्त्व फार वाढलं. आयबीएमने प्रोसेसर इंटेलकडून घेतला, डॉस मायक्रोसॉफ्टकडून, बाकीचे बरेच भाग बाजारात मिळणारे, त्यामुळे स्वतःचं म्हणून राखलेलं असं मुख्यतः बायोसच होतं. कॉम्पॅक या कंपनीने १९८२ मध्ये आयबीएमचा कोड न उतरवता, फक्त तो काय काम करतो ते बघून, त्याच वागणुकीचा बायोस नव्याने लिहिला. तिथून 'आयबीएम कंपॅटिबल' हा शब्दप्रयोग रुळला आणि हळूहळू आयबीएम गळून 'पीसी' हे सामान्यनाम झालं. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून 'असेंबल्ड पीसी' बनवायचे तो शब्दही याच गोष्टीचं फळ आहे, कारण कुठल्याही कंपनीचं कार्ड कुठल्याही कंपनीच्या मदरबोर्डवर बसतं हे गृहीतच त्या वेळी तयार झालं. हल्लीच्या मशीनमध्ये बायोसची जागा यूईएफआयने घेतलीय तरी रिपेअरवाला 'बायोसमध्ये जा' च म्हणतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, शब्द कामावरून टिकलाय.

* * *

मेमरी: इथे मात्र बोलण्यात खरा गोंधळ आहे, 'मोबाईलची मेमरी फुल झाली' म्हणतात तेव्हा स्टोरेज भरलेलं असतं आणि पीसीवाला 'मेमरी वाढवा' म्हणतो तेव्हा त्याला रॅम म्हणायचं असतं. मी घरी पाटी आणि वही असं सांगते. रॅम ही पाटी, चालू हिशोब तिच्यावर, वीज गेली की पुसली. डिस्क ही वही. आणि साध्या रॅमची पाटी अशी की लिहिलेलं आपोआप फिकं होत जातं! प्रत्येक बिट (एक ० किंवा १) एका बारीक कपॅसिटरमध्ये विजेच्या भाराच्या रूपात असतो, तो भार झिरपत असतो, त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळं परत वाचून परत लिहावं लागतं. ही दर बिटला एकच ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची बारीक कळ, अशी रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डची, पेटंट १९६८ चं.

रॅममधला 'रँडम' फसवा आहे. त्याचा अर्थ अस्ताव्यस्त नाही, तर कुठल्याही जागेवर थेट जाता येतं आणि वेळ सारखाच लागतो. टेपवर शेवटचं गाणं ऐकायचं तर पूर्ण टेप पुढे न्यावी लागते, तसं इथे नाही एवढंच. मेमरी हा शब्द वापरात बसला त्यात गणिती फॉन नॉयमनच्या १९४५ च्या, एडव्हॅक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवरच्या अहवालाचा मोठा हात आहे, त्याने यंत्राच्या भागांची तुलना मेंदूतल्या पेशींशी केली होती. त्याच्या शंभर वर्षं आधी, हिशोबी यंत्राचा आराखडा करणाऱ्या इंग्रज बॅबेजने साधं 'स्टोअर' म्हटलं होतं, म्हणजे कोठार. माझं मत, बॅबेजचा शब्द जास्त प्रामाणिक होता.

* * *

सीपीयू राहिलाच. अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणणं चूक आहे, सीपीयू म्हणजे प्रोसेसरची चिप. आयबीएमच्या स्वतःच्या माहितीपुस्तकात त्या डब्याला सिस्टीम युनिट म्हटलंय.

* * *

काका, इतकं सरळ चूक म्हणू नका. मेनफ्रेम म्हणजे खोलीभर कॉम्प्युटरच्या काळात सीपीयू हे खरंच कपाटाएवढं वेगळं धूड असायचं, टेप आणि प्रिंटर त्याला बाहेरून जोडलेले. ते सगळं एका चिपवर आलं नोव्हेंबर १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये, बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनवलेली, सुमारे २३०० ट्रान्झिस्टर. म्हणजे वस्तू आकसली आणि लोकांनी शब्द मोठ्या डब्यालाच ठेवला. बोलताना चालतंय की.

* * *

बोलताना चालेल, बिलावर नाही. 'सीपीयू बदलला' असं बिलावर लिहिलं तर प्रोसेसर बदलला का पूर्ण डबा हे नंतर कोणालाच सांगता येत नाही आणि वॉरंटीच्या वेळी भांडण होतं. तिथे कॅबिनेट आणि प्रोसेसर असेच शब्द लिहून घ्यावेत.

* * *

या सगळ्यात बाइट हा शब्द कोणी घेतला नाही म्हणून लिहितोय. १९५६ मध्ये आयबीएमच्या वेर्नर बुखोल्ट्झने तो घडवला, अर्थ घास असा, पण लिहिताना 'बिट' शी घोळ होऊ नये म्हणून स्पेलिंग मुद्दाम बदललं. बरेच लोक १ बाइट म्हणजे १ अक्षर असं सांगतात. इंग्रजीपुरतं ठीक आहे. मराठीला ते लागू होत नाही, आणि मला वाटतं आपण ही गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. पहिल्या पीसीच्या चिपमध्ये २५६ चिन्हांचे आकार कोरलेले होते, देवनागरीचं त्यात एकही नव्हतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं आणि जिस्ट कार्ड बनवलं, ते पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉसच्या स्क्रीनवर मराठी उमटायची. त्या काळच्या इस्की या भारतीय लिप्या साठवण्याच्या पद्धतीत 'मराठी' हा शब्द ५ बाइटचा, म, र, काना, ठ, वेलांटी. आज युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक पद्धतीच्या यूटीएफ-८ प्रकारात यातलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे तोच शब्द १५ बाइटचा, आणि तुमच्या मुलीला नोटपॅडमध्ये 'मराठी' लिहून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करून फाइलची साइझ बघू दे, १५ च दिसेल, आणि १८ दिसली तर नोटपॅडने सुरुवातीला खुणेचे ३ बाइट घातलेत असं समजायचं.