एसटीएममध्ये गॅप दिसते, पण रोध शून्य होत नाही: आयर्न सेलेनाइडच्या फिल्मविषयी

प्रश्न:
स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या स्फटिकावर एमबीई पद्धतीने (निर्वातात अणूंचे झोत सोडून थर वाढवण्याच्या पद्धतीने) मी आयर्न सेलेनाइडची एका एकक पेशीइतकी (स्फटिकाच्या सर्वांत लहान पुनरावर्ती घटकाइतकी) जाड फिल्म तयार केली आहे. निर्वातातच घेतलेल्या एसटीएम (सुईने पृष्ठभाग तपासणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) मापनात ४.२ केल्व्हिनला सुमारे १५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांना अवस्थाच नसलेला ऊर्जेचा पट्टा, स्वच्छ दिसते. मात्र सेलेनियमचा संरक्षक थर चढवून नमुना बाहेर काढला आणि चार संपर्कांनी रोध मोजला, तर थंड करताना तो घटतो, पण शून्यावर येत नाही. माझी फिल्म अतिसंवाहक (रोधाविना वीज वाहून नेणारी) आहे असे म्हणता येईल का?

उत्तर १:
दोन्ही मापने बरोबर असू शकतात. एसटीएमची सुई जिथे उभी असते तेवढ्यापुरतेच सांगते. रोध शून्य व्हायला मात्र एका संपर्कापासून दुसऱ्यापर्यंत अतिसंवाहक वाट कुठेही न तुटता जोडलेली लागते. २०१२ मध्ये चिनी भौतिकशास्त्रज्ञ शुए छीखुन यांच्या गटाने फिल्म आणि स्फटिकाच्या याच जोडीवर सुमारे २० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची गॅप दाखवली, तेव्हा दुसऱ्या थरावर तशी गॅप नव्हती. म्हणून जिथे दुसरा थर सुरू झाला आहे आणि जिथे पहिलाच अपुरा आहे, ते भाग मोठ्या क्षेत्राच्या प्रतिमेत मोजून पाहावेत.

मला खरा संशय सेलेनियमच्या थराचा येतो. ताज्या फिल्ममध्ये जास्तीचे सेलेनियम असते, ते निर्वातात तापवून काढल्यावरच गॅप उघडते; आपण तेच पुन्हा वरून चढवले आहे. त्याऐवजी आयर्न टेल्युराइडचे काही थर वापरून पाहावेत.

उत्तर २:
फिल्म आणि खालचा स्फटिक (सबस्ट्रेट) यांमधले आंतरपृष्ठ तपासण्यासाठी स्टेमचा (नमुन्याच्या आरपार इलेक्ट्रॉन पाठवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचा) छेद घेणार असाल, तर एक सूचना. आयन शलाकेने कापलेली चकती काही दशक नॅनोमीटर जाड असते आणि प्रतिमेत तेवढ्या जाडीतले सगळे अणू एकावर एक पडतात. सबस्ट्रेटची ०.३९ नॅनोमीटरची पायरी चकतीच्या आत तिरकी गेली असेल, तर आंतरपृष्ठ धूसर दिसते आणि मूलद्रव्ये एकमेकांत मिसळली आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मी स्वतः एका नमुन्यावर यात बरेच दिवस घालवले आहेत. चकती पायऱ्यांना लंब दिशेने कापावी, म्हणजे पायरीची कड इलेक्ट्रॉन शलाकेला समांतर राहते, आणि शेवटची घासणी कमी व्होल्टतेवर करावी.

उत्तर ३:
गॅप इतर कारणांनीही उघडू शकते, त्यामुळे माझ्या मते भोवरे (चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकातून बारीक नळ्यांसारखे आरपार जाते ती ठिकाणे) दिसल्याशिवाय अतिसंवाहकतेचा दावा करू नये. १ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात त्रिकोणी जालातल्या भोवऱ्यांचे अंतर सुमारे ४९ नॅनोमीटर येते, म्हणजे २०० नॅनोमीटरच्या चौकोनात सुमारे वीस भोवरे सापडले पाहिजेत. शून्य व्होल्टतेवरचा संवाहकतेचा नकाशा घ्या आणि क्षेत्र दुप्पट केल्यावर त्यांची संख्याही दुप्पट होते का, ते तपासा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भोवऱ्यांचा नकाशा याच नमुन्यावर घेता येणार नाही, कारण तो बाहेर काढला आहे. पुढच्या फिल्मवर १ आणि २ टेस्लाला नकाशे आधी घेईन आणि त्यानंतरच आयर्न टेल्युराइड चढवेन.