प्रति: विजेशिवाय राहताना वेळ आणि तारीख कशी सांभाळायची?

काठीची सावली आणि चंद्र पुरेसे आहेत, हे वर कोणीतरी लिहिलंय ते आठ महिने पटतं. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो, आणि रोज साधारण पन्नास मिनिटांचा फरक धरला की रात्रीचा अंदाज बरोबर येतो. पण कोकणात जून ते सप्टेंबर काय करणार? कित्येक दिवस ना सूर्य दिसत ना चंद्र.

तेव्हा उपयोगी पडते ती भरती. ढग कितीही असोत, पाणी चंद्राचंच ऐकतं. आमच्याकडे खाडीकाठची मंडळी तिथीची पाऊणपट करतात : चतुर्थी असेल तर चारचे पाऊण म्हणजे तीन, त्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हाच हिशेब उलटा केला, म्हणजे तिथी ठाऊक असली आणि पाणी कुठवर आलंय ते पाहिलं, की किती वाजले ते कळतं. तास-पाऊण तासाची चूक धरावीच, खाडीत आत गेलं तर भरती उशिरा पोहोचते, म्हणून आपल्या जागेचा फरक कोरड्या दिवसांत घड्याळ लावून एकदा नोंदवून ठेवा.

दिवसांची मोजणी चुकली तरी पाणी ती दुरुस्त करून देतं. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत सगळ्यात मोठं उधाण येतं, अष्टमीनंतर भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार अगदी कमी. धक्क्याच्या दगडावर रोजच्या भरतीची खूण करत गेलात तर पंधरवड्यात तिथी पुन्हा सापडते. फक्त वाऱ्याचा जोर असेल त्या दिवसाची खूण धरू नका.