जारच्या पाण्याच्या दरांची तुलना कशी करावी?

प्रश्न
आमच्या ३० जणांच्या कार्यालयासाठी २० लिटरच्या जारचा पुरवठादार ठरवायचा आहे. एकाचा प्रति जार दर बराच कमी आहे; मात्र जारची अनामत, डिस्पेन्सरचे भाडे आणि प्रत्येक फेरीचा वाहतूक आकार तो वेगळा लावतो. दुसरा सर्व धरून एकच दर सांगतो आणि पाणी ‘झऱ्याचे’ असल्याने तो चढा असल्याचे म्हणतो. यांची तुलना कशी करावी? घरीही आठवड्याला दोन जार घेण्याचा विचार आहे.

उत्तर १
आधी खप काढावा. कामाच्या वेळेत माणशी दीड लिटर धरले तर दिवसाला ४५ लिटर, म्हणजे २२ कामाच्या दिवसांत सुमारे ५० जार लागतील. जार, भाडे आणि फेऱ्या यांची महिन्याची बेरीज करून तिला एकूण लिटरांनी भागावे. अनामत परत मिळणारी असल्याने ती या बेरजेत धरू नये, परंतु जार फुटल्यास किंवा हरवल्यास किती रक्कम कापली जाईल, हे लेखी घ्यावे. भरलेला एक जार २० किलोंहून जड असतो आणि दरात वाहतुकीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे लिफ्ट नसलेल्या मजल्यासाठी जादा आकार आहे का, हेही विचारावे. आठवड्यातून दोन फेऱ्या पुरेशा वाटतात, कारण रोजच्या फेरीचे पैसे शेवटी आपणच भरतो.

उत्तर २
‘झऱ्याचे’ या शब्दासाठी जादा पैसे देण्यापूर्वी लेबल वाचावे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नैसर्गिक खनिज पाणी उगमाजवळच भरावे लागते आणि उगमाचे नाव लेबलवर द्यावे लागते. जारचे पाणी बहुधा विंधन विहिरीचे किंवा नळाचे असून रिव्हर्स ऑस्मोसिसने क्षार काढून आणि ओझोन किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक करून भरलेले असते. त्यात गैर काही नाही. फक्त त्यासाठी झऱ्याचा दर देऊ नये. विक्रेते टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात, पण तो विरघळलेल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नव्हे. प्रयोगशाळेचा अलीकडचा सूक्ष्मजीव तपासणी अहवाल मागावा. तो देण्यास जो टाळाटाळ करील, त्याचा दर कितीही कमी असला तरी उपयोग नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. डिस्पेन्सरच्या स्वच्छतेची जबाबदारी करारात कोणावर टाकावी?

उत्तर ३
भाड्याचा असेल तर पुरवठादारावर, आणि ठरावीक मुदतीसह. जार उलटा बसतो त्या जागेची सुई, आतली टाकी आणि तोट्या यांवर बुळबुळीत थर धरतो. नुसती बाहेरून फडकी मारून तो जात नाही. जार घेताना झाकणाचे सील आणि भरल्याची तारीख पाहावी, आतून ओरखडे पडलेला किंवा गढूळ दिसणारा जार परत करावा आणि साठा उन्हात ठेवू नये. घरी आठवड्याला दोनच जार लागत असतील, तर किमान मागणीची अट पाहा. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्यास नळाला जोडलेला फिल्टर बहुधा स्वस्त पडतो, मात्र त्याच्या कार्ट्रिजचा खर्च याच प्रति लिटर हिशेबात धरावा.