मदत हवी आहे : रोहूची तुलना करताना महिना जुळवू की गाभोळीची अवस्था?

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उजनी धरणातला रोहू आणि आमच्या गावच्या शेततळ्यात पाळलेला रोहू, दोघांच्या मांसातलं नि यकृतातलं प्रथिन, मेद आणि पाणी ऋतूप्रमाणे कसं बदलतं, हा माझा प्रकल्प. (उजनीतही मत्स्यबीज सोडतात, ते माहीत आहे. पण तिथला मासा स्वतः चरून वाढतो, तळ्यातल्याला रोज भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड आयती मिळते.)

मेपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. उजनीच्या माद्यांची गाभोळी (पोटातली अंडी) भरत गेली तसा मांसातला मेद उतरला, पाणी वाढलं. बलकाचं प्रथिन यकृतात तयार होऊन रक्तावाटे अंडाशयात जातं, त्यात साठवण खर्ची पडते. तळ्यातल्या माद्यांतही उतार दिसला, पण बेताचा.

घोळ झाला ऑगस्टमध्ये. उजनीची मादी कापली तर अंडाशय म्हणजे लालसर, लोंबती रिकामी पिशवी, आणि मांस बोटाने दाबलं की पाणी सुटतंय. त्याच आठवड्यात तळ्यातली कापली, तर आतड्यांभोवती पिवळट चरबी आणि गाभोळी जागच्या जागी! दाणे मात्र पांढुरके, मऊ, चिमटा लागला की फुटणारे. म्हणजे तिने अंडी घातलीच नव्हती, ती आतल्या आत जिरत होती.

कारण कळतं. रोहू पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो. साचलेल्या तळ्यात गाभोळी भरते, पण शेवटी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून जे संप्रेरक सुटायला हवं ते सुटत नाही. १९५७ मध्ये ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी पिट्युटरीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली, ती ह्याच अडचणीवर मात करायला.

पण मग माझ्या तक्त्यात ऑगस्टसमोर ऑगस्ट मांडणं बरोबर आहे का? एक मादी रिती झालेली, दुसरी अंडी जिरवणारी. सर म्हणतात महिनाच धर. मला वाटतं, अंडाशयाचं वजन शरीराच्या वजनाच्या किती टक्के, ते काढून अवस्था जुळवावी. पण तसं केलं तर उजनीच्या रित्या मादीला तळ्यात जोडच सापडत नाही. दोन्ही तक्ते द्यावेत का?

दुसरं, टक्केवारी ओल्या वजनावर काढली तर नुसतं पाणी वाढल्यानेही प्रथिन नि मेद घटल्यासारखे दिसतात. १०५ अंशांवर सुकवलेल्या वजनावर सगळं पुन्हा मांडू का?

आणि एक चूक झाली आहे. मे महिन्यात तळ्यातल्या दोन माशांचे तुकडे पाठीऐवजी पोटाकडचे घेतले गेले. पोटाकडे मेद जास्त असतो, म्हणून ते आकडे वगळावेत असं माझं मत आहे. पण मग मेमध्ये तळ्याचे तीनच मासे उरतात.

उरलेले नमुने फ्रीझरमध्ये आहेत, पुढच्या सोमवारी सुकवायला घ्यायचेत. ज्यांनी स्वतः मासे कापून हे काम केलं आहे, त्यांनी त्याआधी सांगितलं तर फार उपकार होतील.